बोटीचा शिधा

नमस्कार श्रोतेहो. आषाढी जवळ आली की आपल्या पुण्यात दिंड्यांचे ट्रक दिसू लागतात. टपावर पताका, आत शेगड्या, टोप, गव्हाची पोती. परवा हडपसरला असाच एक ट्रक उभा होता. एक आजोबा खाली उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून, वहीतली यादी मोठ्यानं वाचत होते, "तूरडाळ चढली का? मीठ?" मला एकदम होर्ता आठवलं.

होर्ता हे अटलांटिक महासागरातलं गाव. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायल नावाच्या बेटावर ते वसलंय. तिथले लोक 'ह' गिळून 'ऑर्ता' म्हणतात. माझा भाचा लिस्बनला नोकरी करतो. तिघा मित्रांनी मिळून बारा मीटर लांबीची एक जुनी शिडाची बोट घेतली आणि ती कॅरिबियनहून घरी आणायला निघाले. बर्म्युडा सोडलं की होर्तापर्यंत सुमारे १,८०० सागरी मैल नुसतं पाणी. त्याचा फोन आला, "मामा, तू विमानानं होर्ताला ये. पुढे लिस्बनपर्यंत आमच्याबरोबर चल. स्वयंपाक तुझ्याकडे." मी खडकवासल्याच्या पलीकडे पाणी न पाहिलेला माणूस, पण हो म्हणालो.

होर्ताचा मरीना, म्हणजे शिडाच्या बोटींचा धक्का, १९८६ साली सुरू झाला. समोर सामुद्रधुनीपलीकडे पिको बेटावरचा २,३५१ मीटर उंचीचा ज्वालामुखी, पोर्तुगालचा सगळ्यात उंच डोंगर. धक्क्याच्या भिंतीवर जगभरच्या बोटींनी आपापली चित्रं रंगवून ठेवली आहेत. चित्र न काढता निघालात तर पुढचा प्रवास धड होत नाही, अशी तिथली समजूत. पोरं ब्रश घेऊन बसली. मला दिली पिशवी आणि यादी.

लिस्बन तिथून सुमारे ९०० सागरी मैल. वारा नीट मिळाला तर आठ दिवस. भाचा म्हणाला, बारा दिवसांचं घे. माणसं चार.

आता गंमत ऐका. भाजीच्या दुकानात मला पोर्तुगीजचं ओ की ठो येत नव्हतं. बोटानं दाखवत म्हटलं, "बटाटा." बाईंनी मुकाट्यानं बटाटे तोलले. "पाव" म्हटलं, पाव आला. "अननस" म्हटल्यावर तर त्यांचा चेहरा खुलला. अझोर्सपैकीच साऊ मिगेल बेटावर काचघरात अननस पिकवतात आणि त्याला तोच शब्द आहे. माझी कॉलर ताठ. मग मी "कोबी" म्हटलं आणि त्यांनी मोठाल्या हिरव्या पानांची जुडी पुढे केली. त्यांच्या 'कोव'मध्ये हा पाल्याचा प्रकारही येतो, आपल्या गड्ड्याचं नाव निराळं. पेरू मागितला तर नासपती मिळाली! हे शब्द चारशे-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले आणि वाटेत एखाद्याचं फळ बदललं, त्याला कोण काय करणार.

गड्डा हवाच होता. तो मधून चिरायचा नाही, वरून एकेक पान सोलून वापरायचं, मग दोन-तीन आठवडे टिकतो. कांदे-बटाटे वेगळ्या जाळ्यांत, वारा लागेल असे टांगायचे. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जुन्नरकडची कांद्याची चाळ पाहिलेला माणूस आहे मी.

अंड्यांचं मात्र नवीन कळलं. आपण फ्रिजमधली अंडी घेतो. बोटीसाठी ती चालत नाहीत. युरोपात विक्रीची अंडी सहसा धूत नाहीत, त्यामुळे कवचावरचा नैसर्गिक थर शाबूत राहतो आणि ती फ्रिजबाहेर टिकतात. एकदा गार केलेलं अंडं बाहेर काढलं की त्याच्या कवचावर दव धरतं आणि ते लवकर खराब होतं. रोज सकाळी सगळे ट्रे उलटे करायचे, म्हणजे बलक एका बाजूला चिकटत नाही. बारा दिवसांची पाच डझन मी अशी रोज उलटी केली, देवपूजेसारखी.

पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायला सक्त मनाई. त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. त्यामुळे धक्क्यावरच सगळं खोक्यांतून काढून, भाजी धुऊन, पुसून आत. डब्यांवरची कागदी लेबलं दमटपणानं सुटून येतात, म्हणून झाकणावर मार्करनं लिहायचं. मी मराठीत लिहिलं. पुढे पाचव्या रात्री भाच्याच्या पोर्तुगीज मित्रानं टोमॅटो समजून छोले उघडले, तो दोष माझा.

गॅसचं प्रकरण जरा गंभीर. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडतो. बोटीत तो तळाशी जाऊन बसतो आणि तिथून बाहेर जायला वाट नाही. म्हणून टाकी बाहेरच्या कप्प्यात ठेवतात, आणि त्या कप्प्याच्या तळाला गॅस समुद्राकडे निघून जाईल असं भोक असतं. त्यात प्रत्येक देशाची टाकी वेगळी, तिचा आटा वेगळा. एक जोडणी मिळवायला अर्धा दिवस गेला. गॅस वाचवायला माझा उपाय पुणेरी: कुकर. पुण्याहून बॅगेत घालून नेला होता. झाकण पक्कं बसतं, बोट कितीही कलंडली तरी वरण सांडत नाही.

आपल्या नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरच्या सहा अधिकारी महिलांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनले हा त्यांचा एक थांबा होता. नौदलाचेच अभिलाष टॉमी मात्र नोव्हेंबर २०१२ मध्ये 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकटे निघाले ते कुठेही न थांबता २०१३ मध्ये परतले. त्यांच्या शिध्याच्या यादीची मला आता खरी किंमत कळते.

माझी चूक केळ्यांची. अख्खा घड स्वस्त मिळाला, म्हणून टांगला. खलाशी केळी अपशकुनी मानतात, मी हसलो होतो. तिसऱ्या दिवशी सगळी एकदम पिकली. टिकाऊ दुधाचं शिकरण, सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस. चौथ्या वेळी भाचा ताट सरकवत म्हणाला, "मामा, मेतकूट-भात आहे का रे?"

होता. नवव्या दिवशी रात्री किनाऱ्यावरचे दिवे दिसले, तेव्हा जाळीत तीन कांदे उरले होते, आणि कोबीचा गड्डा सोलत सोलत लिंबाएवढा झाला होता. त्याची मी कोशिंबीर केली.