ही गोष्ट पुण्यातही सिद्ध झाली आणि पुण्यालाच माहीत नाही

(दृश्य – भोसरी एमआयडीसी, शिफ्ट सुटायची वेळ)

भोसरी एमआयडीसीत कुणालाही थांबवून विचारा, मशीन शॉप कुठंय, पावडर कोटिंगवाला कुठंय, गाडीचे पार्ट कोण बनवतं, बरोब्बर पत्ता मिळेल. याच एमआयडीसीत १९९२ पासून एक सरकारी संस्था आहे, नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. हल्ली तिचं नाव बदललंय, चांगलं लांबलचक झालंय, पण लोकांच्या तोंडात अजून नारीच आहे. तिथं काय चालतं विचारलं तर उत्तर येतं, एड्सचं काहीतरी. पुणेकर एरवी मिसळीचं सुद्धा श्रेय सोडत नाहीत, पण एड्सचा व्हायरस औषधानं दाबला तर तो जोडीदाराला लागत नाही हे सिद्ध करायचं जे काम इथंही झालं, त्याचं श्रेय घ्यायला कुणी पुढं येत नाही, कारण ते घ्यायचं म्हणजे आधी तो शब्द चारचौघात मोठ्यानं म्हणावा लागतो.

(दृश्य – नव्वदच्या दशकातलं पुणे, जुने फोटो)

भारतात एचआयव्ही, म्हणजे ज्यामुळं एड्स होतो तो व्हायरस, पहिल्यांदा सापडला १९८६ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये. पुढची काही वर्षं सगळ्यांची ठाम समजूत होती की हा रोग बुधवार पेठेतला, ट्रक ड्रायव्हरचा, म्हणजे थोडक्यात आपला नाही. मग १९९७ मध्ये पुण्यातल्याच डॉक्टरांचा एक पेपर अमेरिकेतल्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आला. पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकर, हो तेच, कोविडच्या वेळी टीव्हीवर दिसायचे ते. पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांची तपासणी केलेली, त्यातल्या ज्या धंद्यात नव्हत्या अशा ३९१ जणींपैकी १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या, आणि यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त स्वतःच्या नवऱ्याशी. म्हणजे मंगळसूत्र घालून सोसायटीत राहणाऱ्या बाईला रोग घरातच मिळत होता, आणि आपण बोट दाखवत होतो बुधवार पेठेकडं.

औषधं तेव्हा जगात आलेली होती, १९९६ पासून तीन औषधं एकत्र दिली की माणूस जगतो हे कळलं होतं, पण खर्च एका पेशंटमागं वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. २००१ मध्ये आपल्याकडच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली आणि सगळं चित्र पालटलं. १ एप्रिल २००४ पासून आपल्याकडं सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळायला लागलं. पण त्यात एक मेख होती. सीडी-४ पेशी, म्हणजे शरीराचे जे पहारेकरी हा व्हायरस मारतो, त्या २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध सुरू व्हायचं नाही, म्हणजे माणूस नीट आजारी पडेपर्यंत वाट बघायची.

(दृश्य – प्रयोगशाळा, नमुन्यांचे रॅक)

आणि आता मुद्द्याची गोष्ट. नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला, एचपीटीएन ०५२. भारतात दोनच शहरं, चेन्नई आणि पुणे, पुण्यात ही आपली नारी. सगळे देश मिळून १७६३ जोडपी, प्रत्येक जोडप्यात एकजण पॉझिटिव्ह आणि एकजण निगेटिव्ह. अर्ध्यांना औषध लगेच सुरू केलं, अर्ध्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणं सीडी-४ खाली आल्यावर, कंडोम आणि समुपदेशन सगळ्यांनाच. प्रश्न एवढाच की लवकर औषध घेतलं तर जोडीदाराला लागण होते का. २०११ च्या मे महिन्यात, ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, देखरेख करणाऱ्या मंडळानं सांगितलं की आकडे जाहीर करा, आता थांबायचं कारण नाही. जोडीदाराकडूनच लागलेल्या २८ केसेस होत्या, त्यातल्या २७ उशिरा औषध घेणाऱ्यांच्या गटात आणि लवकरवाल्यांत फक्त १. म्हणजे ९६ टक्के कमी. पुढं २०१६ मध्ये शेवटचा हिशोब आला, त्यात व्हायरस औषधानं पूर्ण दाबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याची एकही केस नव्हती.

या जोडप्यांचा विचार करा जरा. त्या काळात, वाड्यात नाहीतर दोन खोल्यांच्या घरात राहून, सासूला काय सांगून ही माणसं वर्षानुवर्षं तपासणीला येत असतील? जगभरातल्या पॉझिटिव्ह माणसाला आज डॉक्टर सांगतात की गोळी नियमित घे, रिपोर्टमध्ये व्हायरस दिसेनासा झाला की शरीरसंबंधातून तुझ्यामुळं कुणाला लागण होत नाही, लग्न कर, मूल होऊ दे. त्या वाक्याच्या पायात पुण्याच्या जोडप्यांचं रक्त आहे, अक्षरशः, नळ्यांमध्ये काढलेलं.

भारतात २०१७ पासून नियम बदलला, टेस्ट पॉझिटिव्ह आली की सीडी-४ कितीही असो, गोळी सुरू.

(दृश्य – सरकारी एआरटी सेंटरचा बाकडा, चेहरे नाहीत)

आता आजचं बघू. एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं फुकट मिळतात ते सरकारी केंद्र, तिथं आम्हाला एक ताई भेटल्या, कॅमेऱ्यासमोर नको म्हणाल्या, आवाज वापरा म्हणाल्या, मग थोड्या वेळानं तोही नको म्हणाल्या. हातात ग्रीन बुक, म्हणजे उपचाराच्या नोंदींची वही, पिशवीत गोळ्यांची डबी. दिवसाला एकच गोळी, तीन औषधं एकाच गोळीत, लोक तिला टीएलडी म्हणतात. कौन्सिलर मॅडम डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात, एखादी चुकली का ते कळतं. ताईंची एकही चुकत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, रिपोर्टमध्ये दिसणार नाही इतकं कमी. पण डबी हलली की वाजते, म्हणून त्या आत कापूस कोंबून ठेवतात आणि वरचं लेबल खरवडून काढतात. घरी सगळ्यांना वाटतं कॅल्शियमची गोळी आहे.

एचआयव्ही असल्याच्या कारणावरून नोकरी, उपचार, घर नाकारायला कायद्यानं बंदी आहे, २०१७ चा कायदा, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू. ताईंना कायदा माहितीये. त्या म्हणाल्या, जावेला कुठं माहितीये.

(दृश्य – इंजेक्शनची सिरिंज, जवळून)

हे सगळं एवढं सांगायचं कारण, सध्या ज्याची सगळ्यात जास्त चर्चा आहे ते औषध नेमकं अशा डबीवरच उपाय आहे, ताईंच्या नाही, तर लागण टाळायला रोज गोळी घेणाऱ्यांच्या. लेनाकापाविर. ज्यांना एचआयव्ही नाही त्यांना होऊ नये म्हणून पोटावर कातडीखाली द्यायचं इंजेक्शन, सहा महिन्यांतून एकदा. काम कसं करतं, तर व्हायरसचा सगळा ऐवज एका कवचात बंद असतो आणि ते कवच योग्य जागी, योग्य वेळी उघडावं लागतं. हे औषध कवचाला चिकटून त्याचं गणितच बिघडवतं, करंजी तळताना मधेच फुटली की सारण तेलात जातं तसं काहीसं. शिवाय नवीन व्हायरस तयार होताना त्याचं कवच पण धड बनू देत नाही.

२०२४ मध्ये निकाल आला. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुली, इंजेक्शन घेतलेल्या २१३४, त्यात लागण शून्य. लागण टाळायची गोळी रोज घ्यायच्या गटांत मात्र लागण झालीच, कारण गोळी पोटात जातच नव्हती, बहुतेकींच्या रक्तात औषध पुरेसं सापडलं नाही. डबी दिसली तर घरचे काय म्हणतील ही भीती तिकडच्या मुलींनाही आहेच की.

अमेरिकेत २०२५ च्या जूनमध्ये याला मंजुरी मिळाली, तिथं तेव्हा किंमत होती वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. पण मूळ कंपनी गिलियडनं सहा कंपन्यांना स्वस्तात बनवायचा परवाना दिलाय, त्यातली एमक्युअर ही आपल्या पुण्याचीच. त्या सहांपैकीच हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या दोघांचं औषध २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देणार असं जाहीर झालंय, म्हणजे साडेतीन हजार रुपये. एका बऱ्यापैकी हॉटेलात चौघांचं जेवण.

सगळंच काही जमलेलं नाही. लस अजून नाही, २००५ मध्ये नारीतच भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली होती, लस सुरक्षित निघाली पण ताकद पुरेशी नव्हती, नंतर परदेशातल्या मोठमोठ्या चाचण्याही पडल्या. पूर्ण बरी झालेली माणसं आहेत, पण अगदी मोजकी, तीही कॅन्सरसाठी बोनमॅरो बदलावा लागला म्हणून, तो उपाय लाखोंना देता येत नाही. व्हायरस काही पेशींच्या डीएनएत घुसून झोपून राहतो, गोळी थांबवली की उठतो, म्हणून ताईंची गोळी चालूच राहणार.

आणि इंजेक्शन घ्यायच्या आधी टेस्ट निगेटिव्ह असणं लागतंच, टेस्ट नंतरही करत राहावी लागते, आणि इंजेक्शन मधेच सोडलं आणि लागण झाली तर शरीरात उरलेल्या थोड्याशा औषधाला व्हायरस सरावू शकतो. टेस्ट सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते, रिपोर्ट गुप्त ठेवतात, आणि तिथं जायच्या आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन लावा, फोन फुकट आहे.