मुक्या घंटेचे तीन दिवस

[दृश्य: वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं एक गाव. केळीच्या वाड्या, मधूनच चर्चचा पांढरा दर्शनी भाग. संध्याकाळ.]

आज ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. चर्चची मोठी घंटा वाजते आहे आणि वेदीजवळच्या छोट्या घंटाही तिच्या जोडीला वाजताहेत. विधीतलं गौरवगीत हे स्तुतिगीत संपलं की त्या सगळ्या थांबतील, आणि शनिवारच्या रात्रीपर्यंत एकही वाजणार नाही. वाडीत पाणी सोडणारा माणूस रोज मोठ्या घंटेच्या आवाजावर वेळ ओळखतो, म्हणून हे तीन दिवस गावाला वेगळे लागतात.

घंटेशी वसईचं जुनं नातं आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसईचा किल्ला जिंकला आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मराठी सैन्यानं इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आजही दिसते. भीमाशंकरला गेलो होतो तेव्हा ती घंटा पाहिली आणि मला घर आठवलं. राग आला नाही. आपल्या गावचा आवाज परक्या मुलखात सुखरूप असल्याचं समाधान वाटलं.

घंटा गेल्या, राज्यकर्ते गेले. पण केळी, पानवेली आणि भाजीपाला पिकवणारी, खाडीत होडी घालणारी माणसं इथेच राहिली. सामवेदी, वाडवळ, कोळी अशी ही माणसं घरात आपापली बोली बोलत राहिली आणि प्रार्थनाही करत राहिली. आज वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, म्हणजे स्वतःचा बिशप असलेला, १९९८ पासून. इथला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होतो, गायनमंडळ मराठीत गातं, पापनिवेदनही मराठीतच. शहर वाढलं तशी स्टेशनजवळच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीत, इतर भाषांतही मिस्सा होऊ लागला.

[दृश्य: वेदीसमोर खुर्च्यांवर बसलेले बारा जण. तांब्या, परात, टॉवेल.]

फादर गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. पूर्वी इथे फक्त पुरुष बसत. २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून स्त्रियाही बसू शकतात. भाजीची पाटी घेऊन पहाटेची लोकल पकडणाऱ्या बाईच्या टाचा जेव्हा फादर पुसतात, तेव्हा मागच्या बाकांवरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. त्या टाचांना कोणी हात लावल्याचं त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

विधी संपल्यावर वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, फुलं सगळं काढून घेतात. वेदीचा नुसता दगड उरतो. रात्री उशिरापर्यंत आळीआळीतली माणसं पाळीपाळीनं येऊन परमप्रसादासमोर, म्हणजे येशूचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीसमोर, तासभर बसून राहतात.

या रात्रीपर्यंत यायला चाळीस दिवस लागलेले असतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते, 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' हे शब्द कानावर पडतात. ही राख येते गेल्या वर्षीच्या झावळ्यांतून. ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, आशीर्वादित केलेली नारळाची पाती विणून त्यांचा छोटा क्रूस करतात. तो वर्षभर घरातल्या देवाच्या तसबिरीमागे खोचलेला असतो. पुढच्या वर्षी सुकलेली पाती चर्चमध्ये परत जातात आणि जळतात. म्हणजे आपल्याच वाडीतली झावळी आपल्याच कपाळावर येते. लहान असताना आजीनं हे सांगितलं, तेव्हापासून राख लावून घेताना मला आमचा विहिरीजवळचा माड दिसतो.

या चाळीस दिवसांत घरोघरी मांसमच्छी कमी होते, लग्नं होत नाहीत, आणि दर शुक्रवारी क्रुसाची वाट चालली जाते. येशूच्या मरणाच्या वाटेवरच्या प्रसंगांची चौदा स्थानं असतात. अनेक गावांत शुभ शुक्रवारी ही वाट रस्त्यावरून जाते आणि स्थानं अंगणांत मांडली जातात. कोणाच्या ओट्यावर टेबल, त्यावर पांढरी चादर, क्रूस, दोन मेणबत्त्या, मोगऱ्याचा गजरा.

आमच्या आळीत दोन घरांचं एकच खळं आहे. कधीकाळी भात झोडायचं, आता गाड्या लावायचं. बांधावरून सुरू झालेलं भांडण खळ्यापर्यंत आलं आणि दोन्ही घरांतलं बोलणं तुटलं. मुलं एकाच शाळेत, पण नजर देत नसत. एका वर्षी सातवं स्थान नेमकं त्या खळ्यावर आलं. येशू दुसऱ्यांदा पडतो, ते स्थान. टेबल कोणी मांडायचं हे कोणीच ठरवलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी एका घरातली सून झाडू घेऊन बाहेर आली आणि आपल्या बाजूनं झाडत सुटली. थोड्या वेळानं समोरच्या घरातली म्हातारी आली, आपल्या बाजूनं झाडायला लागली. मधोमध दोघी पोहोचल्या, कचरा एका जागी झाला. बोलणं काही झालं नाही. क्रूस आला, प्रार्थना झाली, लोक पुढे गेले.

[दृश्य: शुक्रवार, दुपारचे तीन. उघडी वेदी. काठावर चपलांची रांग.]

शुभ शुक्रवारी जगात कुठेच मिस्सा होत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा वाचली जाते, जगातल्या सगळ्या माणसांसाठी प्रार्थना होते, आणि मग एकेक जण अनवाणी पुढे जाऊन क्रुसाचं चुंबन घेतो. घंटेच्या जागी लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा आवाज येतो.

क्रुसावर मरण आलेला एक माणूस वसईचाच होता. गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इथे जन्मला, पूर्वेकडे गेला, फ्रान्सिस्कन या संन्यस्तांच्या संघात शिरला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवून भाल्यानं मारलं. १८६२ मध्ये चर्चनं त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. किल्ल्यातलं त्याच्या नावाचं चर्च दाखवताना इथली माणसं 'आमचा गोन्सालो' म्हणतात, गावातल्या मुलाबद्दल बोलावं तसं.

[दृश्य: शनिवारी रात्र. चर्चचे सगळे दिवे बंद. पटांगणात लाकडं रचलेली.]

अंधारात शेकडो माणसं उभी आहेत. आगपेटीची एक काडी. नवा अग्नी आशीर्वादित होतो आणि त्यावर पास्खा मेणबत्ती, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती, पेटते. तिच्यावर क्रूस, चालू सालाचे आकडे, आणि येशूच्या पाच जखमांचे धूपाचे पाच दाणे. मेणबत्ती काळोख्या चर्चमध्ये शिरते. 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं तीनदा गायलं जातं. एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. बाळ कडेवर असलेली आई मेणबत्ती जरा दूर धरते, शेजारचा माणूस तिच्यासाठी हाताचा आडोसा करतो.

मग वाचनं. जगाची निर्मिती, अब्राहामाची परीक्षा, तांबड्या समुद्रातून सुटका. जुन्या करारातली सात वाचनं असतात. वेळ कमी असला तर काही गाळता येतात, तांबड्या समुद्राचं मात्र कधीच गाळत नाहीत. गुलामीतून सुटलेल्या लोकांची ती गोष्ट आहे. शेवटचं वाचन संपतं, फादर गौरवगीत सुरू करतात.

[घंटानाद. निवेदन थांबते.]

गुरुवारपासून मुकी असलेली घंटा वाजते. दिवे लागतात. मूर्तींवरचे जांभळे पडदे आधीच उतरलेले असतात. थोड्या वेळानं, चाळीस दिवस ओठांवर न आलेला 'आल्लेलुया' हा स्तुतिघोष गायला जातो. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा दरवर्षी इथे मोठ्यानं रडतात. त्यांना कोणी गप्प करत नाही.

या रात्रीचा माझ्या मते खरा गाभा मात्र यानंतर येतो. पाणी आशीर्वादित होतं, पेटलेली मेणबत्ती हातात घेऊन सगळे पुन्हा उभे राहतात आणि स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची वचनं पुन्हा घेतात. दुष्टतेचा त्याग करता का? त्याग करतो. परमेश्वरावर विश्वास ठेवता का? ठेवतो. पहिल्या वेळी आपण तान्हे होतो, उत्तरं आपल्या वतीनं धर्मपिता आणि धर्ममातेनं दिली होती. आता आपलं उत्तर आपल्याला द्यायचं आहे. सामवेदी ख्रिस्ती स्वतःला कुपारी म्हणवतात. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मपिता पोर्तुगीज भाषेत एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. एका समाजाचं नावच स्नानसंस्काराच्या नात्यावरून पडलं, आणि वर्षातून एकदा तो सगळा समाज उभा राहून तेच नातं ताजं करतो. मध्यरात्रीच्या त्या 'ठेवतो'मध्ये मला गावाचा आवाज ऐकू येतो.

२०२० साली हे झालं नाही. १२ एप्रिलला ईस्टर होता आणि चर्चची दारं बंद होती. मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा, घरातल्या पाच माणसांचा 'ठेवतो'. आईनं आदल्या वर्षीच्या बाटलीत उरलेलं आशीर्वादित पाणी काढून आमच्यावर शिंपडलं. पुढे दारं उघडली तेव्हा जे लोक वर्षानुवर्षं मागे दारापाशी उभे राहायचे, ते पुढच्या बाकांवर येऊन बसलेले मी पाहिले.

[दृश्य: रविवार सकाळ. नवे कपडे, तांदळाच्या भाकरी, कोंबडीचं कालवण. नंतर मे महिन्याचं ऊन.]

पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो, पेंटेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत. घरोघरी आशीर्वाद होतात. मे महिन्यात वाटेवरच्या क्रुसांना रंग लागतो, हार चढतात, संध्याकाळी तिथे आळीची प्रार्थना होते आणि मुलांच्या ओंजळीत चणे पडतात. थांबलेली लग्नंही आता निघतात.

त्या दोन घरांपैकी एका घरात यंदा लग्न आहे. मांडव अख्ख्या खळ्यावर घालावा लागतो, अर्ध्या खळ्यात पंगत बसत नाही. सकाळपासून बांबू येऊन पडलेत. समोरच्या घरातल्या म्हातारीनं आपल्या बाजूची गाडी काढायला लावली आहे. आता ती ओट्यावर बसून मांडववाल्याला सांगते आहे, खांब जरा इकडे घ्या, माझ्या दारापाशी, इथे जमीन घट्ट आहे.