गिरणी किती लांब?

नमस्कार श्रोतेहो.

उपनगरात घर घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट किती, पार्किंग आहे का, आणि पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं. तिन्ही बरोबर आहेत, विचारलेच पाहिजेत. पण चौथा प्रश्न विचारणारं माणूस क्वचित भेटतं. पिठाची गिरणी किती लांब आहे? आज या चौथ्या प्रश्नावरच बोलायचं आहे.

गिरणीच का? कारण पाच किलोचा डबा घेऊन कोणी चार किलोमीटर जात नाही. गिरणीचं गिऱ्हाईक आजूबाजूच्या घरांतूनच येतं, आणि बहुतेक चालत येतं. शिवाय गिरणीवाल्याला मोठं भाडं परवडत नाही. म्हणजे जिथे गिरणी टिकली आहे तिथे पायी चालणारी माणसं आहेत आणि लहान, परवडणारे गाळे आहेत, असं खुशाल समजावं. आणि ज्या रस्त्यावर गिरणीला गाळा मिळतो तिथे इस्त्रीवाला असतो, फॉल-पिको करणारी बाई असते, चपलेचा अंगठा शिवून देणारा असतो. कोणी म्हणेल, आम्ही घरघंटी घेतली आहे. घ्या की. पीठ चांगलंच पडतं. पण घरघंटी आळीतली खबर आणत नाही.

आता मला सांगायला फार आवडणारी एक गोष्ट. सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहणारे एक पोस्टमनकाका. निवृत्त. पस्तीस वर्षं पेठांत टपाल वाटलं, निम्मं सायकलवर आणि निम्मं पायी, कारण बोळात सायकल घालण्यापेक्षा ती ओट्याला टेकवून पुढे जाणं सोपं पडायचं. वाडा बिल्डरकडे गेला, हातात रक्कम आली, आणि काका-काकूंनी उपनगरात घर घ्यायचं ठरवलं. काकूंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलाने सात-आठ ब्रोशर आणून टेबलावर मांडली. काकांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "यात घरं आहेत. बीट कुठे आहे?"

बीट म्हणजे पोस्टमनचा रोजचा ठरलेला फेरा. काका म्हणाले, आधी बीट चालून बघणार, ते पसंत पडलं तरच फ्लॅटची किल्ली मागणार.

त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं पाऊल मोजलं. शाळेच्या मैदानावर 100 मीटर आखलेले होते, तेवढ्यात त्यांची 166 पावलं भरली. म्हणजे पाऊल साधारण 60 सेंटिमीटरचं. हजार पावलं म्हणजे 600 मीटर, आणि त्यांच्या चालीने दहा मिनिटं. यावरून त्यांनी नियम केला. रिकाम्या हाताने हजार पावलं, भरल्या हाताने पाचशे. पुन्हा सांगतो, हवं तर लिहून घ्या. रिकाम्या हाताने हजार, भरल्या हाताने पाचशे. बसस्टॉप, बँक, देऊळ, बाग हे रिकाम्या हाताचं. दूध, भाजी, किराणा, गिरणी हे भरल्या हाताचं.

दुसरं माप दारांचं. शंभर पावलांत किती दारं लागतात? घराची, दुकानाची, जिन्याची, कुठलीही, पण रस्त्यावर उघडणारी. पेठेत ते न मोजताच पंधरा-वीस सांगायचे.

पहिलं घर मोठ्या प्रकल्पातलं. बाराव्या मजल्यावर, हवा उत्तम, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव. ब्रोशरवर लिहिलेलं, बाजार 400 मीटर. काका लिफ्टच्या दारातून मोजत निघाले. पार्किंगच्या छतावरचं अंगण, म्हणजे पोडियम, उतरून, तीन इमारतींना वळसा घालून गेटपर्यंतच 350 पावलं झाली. गेट पश्चिमेला आणि बाजार पूर्वेला. मध्ये कंपाउंडची भिंत. भिंतीच्या कडेकडेने चालत बाजारात पोचले तेव्हा आकडा 1400 झाला होता. आणि त्या भिंतीला शंभर पावलांत दार किती? एक. कचऱ्याच्या खोलीचं.

मुलगा म्हणाला, "बाबा, नकाशात 400 मीटरच दाखवतंय." काका म्हणाले, "कावळ्याला तेवढंच आहे."

दुसरं घर 24 मीटर रुंदीच्या रस्त्यावर. इथे दुकानं ढीगभर. पण काकूंनीच आधी ओळखलं. आपल्या बाजूला टाइल्सचं शोरूम, बाथरूमच्या नळांचं शोरूम, एक बँक, एक सराफ. भाजी, मेडिकल आणि डेअरी रस्त्यापलीकडे. टाइल्स रोज कोण घेतं? मग दोघं सिग्नलला उभे राहिले. हिरवा माणूस लागला, 18 सेकंद. काकूंची चाल सेकंदाला 80 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे 24 मीटरला 30 सेकंद हवेत. अठराव्या सेकंदाला काकू डिव्हायडरवर, आणि डिव्हायडर इतका अरुंद की हातातली पिशवी गाड्यांना लागेल. तिथे उभं राहून त्या म्हणाल्या, "अहो, हे घर नको. इथे रोज दूध आणायला गेलं की निम्मं दूध आणि निम्मं नामस्मरण."

तिसरं घर कर्वेनगरात. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. नऊ मीटरची गल्ली, चार मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. शेजारच्या इमारतीच्या तळाला शंभर-सव्वाशे फुटांचे गाळे, त्यात मेडिकल, डेअरी, चाव्या करणारा, आणि कोपऱ्यात गिरणी. गेटपासून 40 पावलं. शंभर पावलांत दारं किती? चौदा. काका खूश, मुलगा नाखूश. "बाबा, गिरणीच्या शेजारी? दिवसभर घरघर ऐकणार?"

मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खाली दुकानं आणि वर घरं, अशी वस्ती हवी असेल तर आवाज, वास आणि गाड्यांची ने-आण सोबत येतेच. म्हणून काकांनी काय केलं? सकाळी अकराला, गिरणी भरात असताना, ते पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये गेले. पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र फरशीवर ठेवलं. हॉलमध्ये पाण्यावर बारीक तरंग उठत होते. मागच्या खोलीत पाणी स्थिर. कान एका तासात सरावतो आणि फसवतो, पाणी फसत नाही. काकांनी मागची खोली झोपायची ठरवली आणि गिरणीची वेळही विचारून घेतली. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. रात्री मोटर बंद. जिना मोजला, अठरा पायऱ्या, एका बाजूला कठडा. काकू दोनदा चढल्या, दोनदा उतरल्या, मगच मान हलवली.

आणि तेवढ्यावर व्यवहार केला नाही. त्याच गल्लीत आणखी तीन फेऱ्या. सकाळी सातला, दूध आणि शाळेच्या व्हॅनच्या वेळेला. दुपारी दोनला, सावली बघायला. रात्री साडेनऊला, कारण दुकानं बंद झाल्यावर गल्लीत किती उजेड उरतो ते दिवसा कळत नाही. चौथी फेरी जुलैच्या पावसात, कारण ड्रेनेजचं चेंबर कुठे उलटं वाहतं ते एप्रिलमध्ये दिसत नाही. सात, दोन, साडेनऊ, आणि एक पाऊस. एवढ्या चार फेऱ्या मारायला पैसा लागत नाही, आणि तरीही लाखोंचं घर घेणारी माणसं रविवारी सकाळी अकराला एकदाच जातात, गाडीतून, आणि सॅम्पल फ्लॅट बघून येतात.

काकांनी निम्मा वेळ खाल्ला. उरलेलं भरभर सांगतो.

पहिलं, गावठाण शोधा. बाणेर, पाषाण, वारजे, धनकवडी, हडपसर, ही सगळी आधी गावं होती. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यांनाही आपापलं गावठाण आहेच. गावठाण पायी चालण्याच्या काळात वसलं, म्हणून देऊळ, पार, किराणा, सोनार, न्हावी सगळं शे-दोनशे पावलांत असतं. अगदी आत घर घेऊ नका, रस्ता अरुंद, रुग्णवाहिका अडते. कडेला घ्या. हजार पावलांच्या आत गावठाण, हे उपनगरातलं सगळ्यात सोपं गणित. कर्वेनगरचं उदाहरण म्हणूनच दिलं.

दुसरं, डीपी बघा. डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, फुटपाथ अडवून बसलेला विजेचा डीपी बॉक्स नव्हे, जरी पुण्यात आपल्याला दुसऱ्याशीच जास्त काम पडतं. महापालिकेकडून आपल्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला, म्हणजे ती जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे त्याचा कागद, काढता येतो. हद्दीबाहेर असाल तर पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, जायचं. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. समोरच्या रस्त्याचं रुंदीकरण दाखवलं आहे का? आज नऊ मीटरचा असलेला रस्ता आराखड्यात 24 मीटरचा असेल, तर आजची सावली आणि ओटे उद्या जाणार. आणि शाळा, मंडई, बाग यांची आरक्षणं. आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग. जागेवर झाडं उभी आहेत की राडारोडा, ते जाऊन बघा. बिल्डर "समोर गार्डन येतंय" म्हणाला की विचारा, येतंय की आलंय?

तिसरं, तळमजल्याचा नकाशा. नवा प्रकल्प असेल तर मंजूर आराखडा महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर असतो. सगळे फ्लॅटचा मजला उघडून बघतात. तुम्ही तळमजला उघडा. रस्त्याच्या बाजूला गाळे आहेत की भिंत आणि पार्किंग? गाळे असतील तर केवढे? शंभर-दीडशे फुटांचे असतील तर भाजी, मेडिकल, गिरणी येण्याची आशा. सगळे पाचशे-हजार फुटांचे असतील तर बँक येईल, शोरूम येईल, कोथिंबीर येणार नाही. पुन्हा सांगतो. गाळा लहान तर वस्ती कामाची.

फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूत्रांप्रमाणे निवासी भागात किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, आणि कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. साधी खूण सांगतो. दोन माणसं उघड्या छत्र्यांनी एकमेकांना ओलांडू शकली तर रुंदी आहे. कर्ब सहा इंचांपेक्षा उंच असेल तर म्हातारी माणसं खाली रस्त्यावरूनच चालणार, आणि बंगल्यागणिक उतार काढलेला असेल तर फुटपाथ म्हणजे नुसती चढउतार. पेव्हर ब्लॉकबद्दल माझं मत चांगलं नाही. खालची वाळू पावसात निघून जाते, ब्लॉक डुगडुगतो, आणि पाय पडला की पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत. साध्या काँक्रीटने कोणाचं वाकडं केलं होतं? जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केल्यावर लोक तिथे नुसते चालत नाहीत, बसतातसुद्धा. आणि 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, त्याचं कौतुक आहेच. पण उपनगरातल्या काकूंना तो रोज हवा, निदान दुधाच्या वेळेपुरता.

मेट्रो. स्टेशनचं अंतर पावलांतच मोजा, आणि जिन्याच्या तोंडाशी मोजणी संपवू नका. फलाटापर्यंत न्या. आणखी एक. मेट्रो स्टेशनच्या 500 मीटरच्या परिघात बांधकामाला जादा एफएसआय मिळू शकतो, म्हणजे तेवढ्याच प्लॉटवर जास्त बांधता येतं. त्यामुळे तिथल्या जुन्या चार मजली सोसायट्या पुनर्विकासाला लवकर निघतील, असं धरूनच चाला. रस्ता आज आवडला म्हणून घर घेताना, आजूबाजूच्या इमारती किती जुन्या आहेत आणि त्यांच्या सोसायटीच्या सभांत काय चाललं आहे, ते चहाच्या टपरीवर विचारा. टपरीवाल्याला सेक्रेटरीच्या आधी कळतं. जुन्या इमारतीच्या तळाला गाळे असतात. नवी उभी राहते तेव्हा पार्किंगच्या नियमात जागा बसवता बसवता तळमजला बहुतेक वेळा गाड्यांच्या वाट्याला जातो. एकेक इमारत अशी बदलत गेली की चौदा दारांच्या गल्लीत चार दारं उरतात, आणि हे व्हायला पाच-सात वर्षं पुरतात.

काकांच्या बाबतीत तेच झालं. शेजारची इमारत पाडली. नव्या इमारतीला तळाला पार्किंग, गाळा एकही नाही. मेडिकलवाला मुख्य रस्त्यावर गेला, चाव्यावाला कुठे गेला कोणालाच माहीत नाही. गिरणीवाल्याने मागच्या गल्लीत एका बंगल्याचं गॅरेज भाड्याने घेतलं. पहिल्याच दिवशी काका डबा खांद्यावर घेऊन मोजत निघाले. काकू खिडकीत उभ्या. परत आल्यावर त्यांनी नुसता आकडा सांगितला.

"तीनशे चाळीस."

नमस्कार.