सोबत कोण आलं आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

बायकांचा डॉक्टर तयार व्हायला साडेआठ वर्षं लागतात. साडेपाच वर्षं एमबीबीएसची, त्यात इंटर्नशिप आली, आणि पुढे तीन वर्षं एम.डी. किंवा एम.एस.ची. प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जाणारी वर्षं वेगळीच. एवढ्या काळात आपली मुलं सिझर करायला शिकतात, दुर्बिणीतून पिशवी काढायला शिकतात, सोनोग्राफी वाचायला शिकतात. हे सगळं लागतंच. पण पाड्यावरच्या, तांड्यावरच्या, उसाच्या फडातल्या बाईचं ऐकून घ्यायला त्यांना कोण शिकवतं आणि कुठे शिकवतं, त्याविषयी आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे शिक्षण त्या बाईच्या मुलखातच व्हायला हवं. शहरातल्या वर्गात ते होत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातूनच जगापुढे गेला. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. तिथल्या ६५० बायका आणि मुली त्यांनी तपासल्या. त्यांतल्या शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. आणि त्याआधी अशी तपासणी कधी झालेल्या किती? शंभरात फक्त आठ. पुन्हा सांगते, आजार ९२ जणींना, तपासणी ८ जणींची. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढंच सरकारी कागदावर असायचं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत ओटीपोट दुखणं, अंग बाहेर येणं, हे सगळं ती बाई मुकाट्याने सोसत होती. डॉक्टर गावात जाऊन बसले, तेव्हा ते दिसलं.

आता मला एक प्रसंग सांगायचा आहे. मी विद्यार्थ्यांना शिकवायला लागल्यापासून प्रत्येक तुकडीला तो सांगत आले आहे.

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, हे तुम्ही पावसाळ्यात बातम्यांत ऐकता. प्रसंग त्याच बाजूच्या एका ग्रामीण रुग्णालयातला आहे. आमच्या विभागाचं शिबिर होतं, म्हणून मी तिथे होते. सोबत एक निवासी डॉक्टर, पुण्यात वाढलेली मुलगी. अतिशय अभ्यासू, हात स्वच्छ आणि नेमका. संध्याकाळी धो धो पावसात चार जणांनी एका माडिया आदिवासी बाईला खाटेवर घालून आणलं. चार कोस तरी चालत आले असतील. दुसरं बाळंतपण, कळा चांगल्या चालू. खाटेमागून एक म्हातारी आली, डोक्यावर पळसाच्या पानांची इरली, कमरेपर्यंत चिखल.

पुढे जे झालं ते रुग्णालयाच्या रिवाजाप्रमाणे झालं. बाईला आत टेबलावर घेतलं. पुरुष बाहेर, म्हातारीही बाहेर. दार लागलं. माझ्या विद्यार्थिनीने तपासलं. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं, बाळाचे ठोके छान. केसपेपर भरायला घेतला. मागच्या वेळी काही त्रास? बाईने मान हलवली, नाही. रक्तस्राव? नाही. झटके, ताप, सूज? नाही, नाही, नाही. पेपरवर सगळीकडे ‘नाही’ लिहिलं गेलं.

आणि तासाभरात कळा मंदावल्या. बाई टेबलावरून उतरली, हातातली सलाईनची नळी ओढून काढली आणि भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात उभी राहिली. कुणी जवळ गेलं की अंग आखडून घ्यायची. माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघत होती. मी मागे उभी होते, बोलले नाही. ठोके नीट होते, घाई नव्हती. कधी गप्प राहायचं, हे शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं. तिने गडचिरोलीला पाठवायचा विचार केला, पण रस्त्यावर पाणी होतं, गाडी जाणार नव्हती.

तेव्हा तिथल्या सिस्टर पुढे आल्या. त्याच भागातल्या, माडिया भाषा उत्तम बोलणाऱ्या. म्हणाल्या, “मॅडम, त्या आजीले आत घ्या ना. थेच तिले घेऊन आली, आन थेच बाहेर बसली हाय.” (इथे थोडं थांबते. भागातली भाषा येणारी सिस्टर म्हणजे त्या रुग्णालयाचं अर्धं बळ असतं. तिची बदली करताना दहादा विचार करावा, आणि तिच्या क्वार्टरचं छप्पर गळत असेल तर ते आधी दुरुस्त करावं. हे मी प्रत्येक बैठकीत बोलते, आकाशवाणीवरही बोलते.)

तर दार उघडलं. म्हातारी आत आली आणि थेट कोपऱ्यातल्या बाईजवळ जाऊन खाली बसली. आता माझ्या विद्यार्थिनीने जे केलं, त्यासाठी मी हा प्रसंग सांगते. ती खुर्चीवरून उठली, फरशीवर म्हातारीच्या समोर मांडी घालून बसली आणि सिस्टरना म्हणाली, “आजींना विचारा, गावात बाळंतपण करतात ना त्या? मग हिला एवढ्या लांब का आणलं?”

म्हातारी बराच वेळ बोलली. सिस्टर सांगत गेल्या. मागच्या खेपेला बाळ नीट झालं, वारही पडली, पण रक्त थांबेना. पोट मऊच राहिलं. बाई दोन दिवस डोळे उघडत नव्हती. तेव्हाच म्हातारीने ठरवलं, हिचं पुढचं बाळंतपण मी गावात करणार नाही, नदी चढायच्या आत दवाखान्यात नेणार. घरचे तयार नव्हते, म्हातारीने हट्ट धरला.

श्रोतेहो, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं एक प्रमुख कारण. आधीच्या खेपेला तो झाला असेल तर पुन्हा होण्याचा धोका वाढतो, हे पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात छापलेलं असतं. ती माहिती आमच्याकडे आलेली होती, फक्त आम्ही ती दाराबाहेर पावसात बसवली होती. केसपेपरवर ‘नाही’ होतं, कारण परक्या खोलीत, परक्या भाषेत, परक्या माणसांपुढे ती बाई प्रत्येक प्रश्नाला नाहीच म्हणणार होती. पुन्हा सांगते, म्हातारी नुसती सोबतीला आली नव्हती. तिने धोका ओळखून रुग्ण वर पाठवला होता. आमच्या भाषेत ज्याला रेफरल म्हणतात, ते तिने केलं होतं.

त्यानंतर खोलीचं रूपच पालटलं. दुसऱ्या हाताला जाड सुई लावली. रक्तस्राव रोखायची औषधं काढली, ऑक्सिटोसिन भरून तयार ठेवलं, मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि ट्रानेक्झामिक अॅसिड ट्रेमध्ये. सिस्टरनी खिडकीच्या गजाला एक लुगडं पीळ देऊन बांधलं, कारण त्यांच्याकडे घराच्या आढ्याला दोर बांधतात आणि बाई तो धरून उकिडवी बसते. फरशीवर सतरंजी, तिच्यावर स्वच्छ कापड. म्हातारी मागून कमरेला आधार देऊन बसली. कळा परत आल्या. उकिडवं बसल्यावर खालची वाट जरा मोकळी होते, वजनही खालच्या दिशेला येतं, हे आता कुणी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत बाईला हवी ती स्थिती घेऊ द्यावी आणि तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्यावं, असं स्पष्ट म्हटलं आहे.

मुलगी झाली. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लगेच दिलं, बाईला आडवं केलं, वार आली. आणि रक्त सुरू झालं. म्हातारी म्हणत होती तसंच. पिशवी आवळून येईना. पण आता सगळं हाताशी होतं. औषधं गेली आणि माझी विद्यार्थिनी पोटावरून पिशवी चोळू लागली. तेवढ्यात म्हातारीने तिचा हात धरून बोटभर वर सरकवला. बरोबर तिथेच. थोड्या वेळात पिशवी हाताखाली टणक लागली. रक्त थांबलं.

पहाटे म्हातारीने सिस्टरमार्फत विचारलं, ती सुई कसली होती? माझ्या विद्यार्थिनीने तिला कुपी दाखवली, ती थंड जागी का ठेवतात ते सांगितलं. मग तिने म्हातारीला विचारलं, गावात आणखी कुणाला असं झालंय? दोन बायका सांगितल्या तिने, दोघी गरोदर. दोघींची नावं त्या दिवशी नोंदवहीत चढली आणि तारीख जवळ आल्यावर त्यांना माहेरघरात राहायला बोलावलं गेलं. माहेरघर तुम्हाला माहीत असेल, दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांत गरोदर बाईने आधीच येऊन राहायची सोय.

या मुलीचा पुढे केसपेपर बदलला. पहिला प्रश्न ती लिहिते, सोबत कोण आलं आहे? दुसरा, त्यांनी का आणलं? बाकीचं मग.

प्रसंग लांबला, मला कल्पना आहे. पण अशा गोष्टी वर्गात सांगून भागत नाही, फरशीवर बसावं लागतं.

मुलूख बदलला की शिकायचंही बदलतं. नंदुरबारला, गडचिरोलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होणारा डॉक्टर तिथे चालत नाही, आधी सिकलसेलची तपासणी करावी लागते, कारण त्या बाईचं गरोदरपण सगळ्याच अंगाने सांभाळावं लागतं. माडिया-गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्मा घरात, म्हणजे पाळीसाठीच्या वेगळ्या झोपडीत राहते. ती प्रथा चुकीची आहे, असं भाषण देऊन डॉक्टर परत आला तर हाती काही लागत नाही. तिथे रात्री थंडी किती, पाणी कुठून आणता, साप निघतात का, रक्त किती दिवस जातं, हे विचारलं की बायका बोलतात, आणि कुर्मा बदलायचं बळही त्या बायकांतूनच येतं.

आणि बीड. ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, ना मोरी, ना धड पाणी. अशी बाई पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून दवाखान्यात येते. २०१९मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे जे आकडे आले, ते ऐका. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली. चाळिशीच्या आतल्या बायका त्यांत होत्या. ज्या जंतुसंसर्गाला औषधांचा एक नीट कोर्स पुरला असता, त्यासाठीही बाईचा अवयव गेला. माझं मत कुणाला कडू वाटलं तरी चालेल, पण ज्या डॉक्टरने शिकताना एकदा तरी ऊसतोडीची कोपी पाहिली असेल, आठ दिवस तिथल्या पाण्याने अंघोळ केली असेल, त्याचा हात ऑपरेशनच्या संमतीपत्राकडे इतक्या सहज जाणार नाही.

सोयी अगदीच नाहीत असं नाही. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथली प्रत्येक तुकडी एक खेडं दत्तक घेते आणि विद्यार्थी त्या खेड्यात जाऊन राहतात. आता राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सगळ्याच एमबीबीएसच्या मुलांना कुटुंबं दत्तक घ्यायला लावली आहेत आणि एम.डी., एम.एस. करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम सक्तीचं केलं आहे. चांगलं आहे. पण तीन महिन्यांतला किती वेळ तालुक्याखाली जातो? आणि परीक्षेत त्यातलं काय विचारतात? मुलं परीक्षेला येतं तेच वाचतात, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून माझी मागणी अशी, की स्त्रीरोगशास्त्राच्या अंतिम परीक्षेतला एक रुग्ण ग्रामीण रुग्णालयातला असावा, आणि त्या परीक्षेला एक परीक्षक म्हणून तिथली अनुभवी सिस्टर असावी. विद्यापीठात हे बोलले की लोक गप्प होतात. मी बोलत राहणार आहे. बाँड, दंड, सक्ती यांनी डॉक्टर गावात वर्षभर थांबतो. शिकलेला असेल तर त्याहून पुढे राहतो, असे माझे काही विद्यार्थी आज धडगावला आणि धारणीला आहेत.

वेळ संपत आली. खेड्यातल्या श्रोत्यांना दोन गोष्टी सांगते. तुमच्या घरी शिकाऊ डॉक्टर वही घेऊन आले, तर त्यांना ओट्यावरून परत पाठवू नका. आत बोलवा, घरातल्या म्हाताऱ्या बाईशी बोलायला बसवा. आणि बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जाल तेव्हा सोबत एक बाई आत घेऊन जायची मुभा तुम्हाला आहे, ती मागा. मागच्या बाळंतपणाचे कागद असतील तर पिशवीत घाला. कागद नसतील, तर त्या वेळी जी बाई जवळ होती, तिलाच सोबत घेऊन जा.

नमस्कार.