दया हा पुरावा नव्हे : मूळनिवासी साहित्याची समीक्षा वर्गात कशी लिहून घ्यावी

मित्रहो, कॅनडात मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं, त्यांच्यावरची कादंबरी वाचून विद्यार्थी पहिली समीक्षा लिहितात, तेव्हा तिच्यात बहुतेकदा एक वाक्य असतं : 'वाचून फार वाईट वाटलं, प्रत्येकाने हे वाचायला हवं.' भावना खरी असते. पण हे वाक्य कुठल्याही दुःखद पुस्तकाखाली खपेल. लेखकाने काय केलं, कसं केलं, ते साधलं का, यातलं काहीच त्यात नाही. मूळनिवासी लेखकाला लेखक म्हणून वाचायचं असेल तर त्याची फक्त कीव करून भागत नाही, त्याच्या लेखनाशी वाद घालण्याइतका त्याचा मान राखावा लागतो.

कॅनडात हा प्रश्न आता रोजच्या वर्गातला आहे. ओंटारिओ प्रांतात अकरावीला फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या तीन मूळनिवासी समूहांतल्या लेखकांच्या समकालीन साहित्यावर इंग्रजीचा स्वतंत्र कोर्स आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 'इंग्लिश फर्स्ट पीपल्स' हा तसाच कोर्स आहे. दीड लाखाहून अधिक मुलं ज्या निवासी शाळांत गेली, त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. त्यांतली ६२वी थेट शालेय अभ्यासक्रमाविषयी आहे.

पटवून देणारं लेखन शिकवायचं तर कादंबरीच्या आधी राजकीय मजकूर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जून १९६९ मध्ये कॅनडा सरकारने मूळनिवासींविषयीच्या धोरणाची 'श्वेतपत्रिका' काढली. मूळनिवासींसाठीचा कायदा 'इंडियन ॲक्ट' रद्द करा, त्यांचा वेगळा कायदेशीर दर्जा संपवा, सगळे सारखेच नागरिक, असा तिचा सूर होता. तेव्हाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांची घोषणा होती 'न्याय्य समाज'. त्याच वर्षी क्री या मूळनिवासी समाजातले नेते हॅरॉल्ड कार्डिनल यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिलं 'अन्याय्य समाज'. प्रतिपक्षाचाच शब्द घ्यायचा आणि त्याची कृती त्याच मापाने मोजायची! १९७० साली अल्बर्टा प्रांतातल्या मूळनिवासी प्रमुखांनी श्वेतपत्रिकेला उत्तर दिलं, ते 'रेड पेपर' म्हणून ओळखलं जातं. त्याचं अधिकृत नाव 'सिटिझन्स प्लस', म्हणजे नागरिक आणि त्याहून काही अधिक. हा शब्दप्रयोग सरकारनेच नेमलेल्या हॉथॉर्न अभ्यासगटाच्या अहवालातला. आतली रचनाही पाहण्यासारखी आहे : श्वेतपत्रिका काय म्हणते ते आधी द्यायचं, मग ते का नाकारतो ते सांगायचं. पुढे सरकारने प्रस्ताव मागे घेतला. श्वेतपत्रिका आणि 'रेड पेपर' शेजारी ठेवून पानभर वाचले की प्रतिवाद कसा मांडतात हे विद्यार्थ्यांना वेगळं समजावावं लागत नाही.

आता कादंबरीकडे. रिचर्ड वागामीस यांची 'इंडियन हॉर्स' (२०१२) अनेक वर्गांत वाचतात. तिचा निवेदक सोल निवासी शाळेत आइस हॉकी शिकलेला आहे. तो व्यसनमुक्ती केंद्रात बसून आपली हकीकत सांगतो आणि एक गोष्ट जवळजवळ शेवटपर्यंत दडवून ठेवतो. विद्यार्थी लिहितात, 'शेवटचा धक्का जबरदस्त आहे.' इथे थांबू देऊ नका. त्यांना हॉकीच्या सुरुवातीच्या प्रकरणांकडे परत पाठवा. खेळाच्या आनंदाची ती वाक्यं दुसऱ्या वाचनात कशी बदलतात, हा समीक्षेचा खरा मुद्दा. आणि दुसरी चूक : 'लेखकाने आपला शाळेतला अनुभव सांगितला आहे.' वागामीस स्वतः निवासी शाळेत नव्हते. त्यांच्या आधीची पिढी होती. निवेदक आणि लेखक एकच धरले की कलाकृतीची साक्ष होते आणि लेखकाच्या कौशल्याचं श्रेय नाहीसं होतं.

लेखनाचा क्रम साधा ठेवावा. पहिल्या वाचनाला प्रश्नावली देऊ नये. दुसऱ्या वाचनात प्रत्येकाने तीन उतारे निवडावेत, प्रत्येकी चार-पाच ओळींचे, आणि त्यांतला किमान एक आपल्या मताच्या विरोधात जाणारा हवा. तो विरोधी उतारा सगळ्यात जड जातो, म्हणून त्याला एक पूर्ण तास द्या. मग एका वाक्यात दावा लिहायचा. कसोटी अशी : त्या वाक्याशी समजूतदार वाचक असहमत होऊ शकतो का? होऊ शकत नसेल, तर तो दावा नव्हे. सहाशे शब्दांच्या समीक्षेत कथानकाला शंभर शब्द पुरे. पहिल्या मसुद्यात ते बहुधा चारशे व्यापतात.

'दृष्टिकोन' शिकवताना घात होतो तो सरसकटपणामुळे. 'मूळनिवासींचा दृष्टिकोन' अशी एक गोष्ट नसते. लेखक हैस्ला आहे, अनिशिनाबे आहे की मेटी, हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. 'ते निसर्गाला पूजत असत' असा भूतकाळ दिसला की खूण करा, कारण तो जिवंत समाजाला संग्रहालयात नेऊन ठेवतो. वर्गात त्या समाजातला विद्यार्थी असेल तर 'तुमच्याकडे काय मानतात?' असं त्याला सगळ्यांसमोर विचारू नका. एका मुलाने साऱ्या समाजाच्या वतीने उत्तर का द्यावं?

'निवासी शाळेतलं मूल होऊन घरी पत्र लिहा' हा स्वाध्याय तर कृपा करून देऊच नका. त्यात दुसऱ्याच्या यातनेचा अभिनय होतो, आणि ज्याच्या घरात ती यातना प्रत्यक्ष घडली आहे त्या मुलाला तो जखमी करतो. पत्रच हवं असेल तर विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने शाळामंडळाला लिहावं : हे पुस्तक अभ्यासक्रमात ठेवावं की नाही, आणि का. वाचक खरा, मागणी ठोस, हरकती आधीच दिसणाऱ्या. कठीण आशय येणार हे आदल्या तासाला सांगा आणि पर्यायी पुस्तक तयार ठेवा.

गुण देताना मी अर्धे गुण पुराव्याला आणि त्याच्या विवरणाला देईन. एखाद्याने लिहिलं की कादंबरीचा शेवट घाईचा आहे, आणि शेवटची प्रकरणं नेमकी दाखवून ते सिद्ध केलं, तर त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. मूळनिवासी लेखकावर टीका करू नये या संकोचाने कौतुकाचे गुण वाढवले, तर पुढच्या वर्षी सगळे कौतुकच लिहितील.