तीन सह्यांचा अर्ज

[दृश्य: गेल्सबर्ग, इलिनॉय. रेल्वे यार्ड, मालगाड्यांच्या रांगा]

अमेरिकेतलं गेल्सबर्ग. रेल्वेचं गाव, आणि बरीच वर्षं फ्रिजचंही. मेटॅग कंपनीच्या इथल्या कारखान्यातलं उत्पादन मेक्सिकोतल्या रेनोसाला हलवणार, असं ऑक्टोबर २००२ मध्ये जाहीर झालं. सप्टेंबर २००४ मध्ये कारखाना बंद झाला. सुमारे १,६०० जणांचं काम गेलं.

[दृश्य: संग्रहित, बोस्टन, जुलै २००४]

त्याच उन्हाळ्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बराक ओबामांनी गेल्सबर्गच्या कामगारांचा उल्लेख केला. ते भाषण देशभर गाजलं. कामगारांच्या हाती काही पडायचं, तर ते मात्र या कागदामुळे.

[दृश्य: अर्जाचा कोरा नमुना, अगदी जवळून]

हा अर्ज आहे ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ योजनेचा, म्हणजे परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता आणि नव्या कामाचं प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी योजनेचा. सह्या कुणाच्या, ते बघा. एकाच कारखान्यातल्या तीन कामगारांच्या सह्या पुरायच्या. युनियनला अर्ज करता यायचा, कंपनीलाही. तो जायचा वॉशिंग्टनला, कामगार खात्याकडे. तिथल्या तपासनिसाला ४० दिवसांत ठरवायचं असायचं, की काम गेलं ते परदेशी व्यापारामुळेच का. नोकरी जाणं पुरेसं नसायचं. ती कशामुळे गेली, हे सिद्ध व्हावं लागायचं. आणि त्याचे आकडे असायचे कंपनीच्या कपाटात.

[दृश्य: संग्रहित, राष्ट्राध्यक्ष केनेडी, १९६२]

ही अट मुळापासूनची. आयातकर कमी करायचे, व्यापार वाढवायचा आणि त्यात ज्यांचं नुकसान होईल त्यांचा भार सरकारनं वाटून घ्यायचा, असं केनेडींनी १९६२ च्या कायद्यात मांडलं. पण निकष असे, की आयात वाढली ती मुख्यतः करसवलतीमुळेच आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्या आयातीमुळेच, अशा दोन्ही गोष्टी दाखवायच्या. १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. एकाही! युनियनवाले या योजनेला अंत्यसंस्काराचा विमा म्हणू लागले, ते उगीच नाही.

१९७४ च्या कायद्यानं निकष सैल केले. १९८१ मध्ये रेगन सरकारनं भत्त्यांना कात्री लावली. पुढे मेक्सिको आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार झाला, तेव्हा त्या दोन देशांत गेलेल्या कामासाठी १९९४ पासून वेगळी सोय आली. २००२ मध्ये सगळं एका कायद्यात आणलं. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतले कामगारही त्यात बसू लागले.

[दृश्य: संगणकांची रांग, कीबोर्डवरचे हात]

तरी चौकट कारखान्याचीच राहिली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं काम परदेशी गेलं, तेव्हा खात्यानं विचारलं, तुम्ही बनवता ती ‘वस्तू’ कुठे आहे? सीडीवर असेल तर वस्तू, इंटरनेटच्या तारेवरून पाठवली तर नाही. न्यायालयात भांडणं झाली, मग २००६ मध्ये खात्यानं धोरण बदललं.

[दृश्य: कार्ल सँडबर्ग कॉलेज, वर्गात शिरणारी मंडळी]

अर्ज मंजूर झाला, की घड्याळ सुरू. २००२ च्या नियमांप्रमाणे मंजुरीनंतर ८ आठवडे किंवा नोकरी गेल्यानंतर १६ आठवडे, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर प्रशिक्षणाला नाव घालायचं. नाहीतर सूट मागायची. बेकारी भत्ता संपल्यावर शिकत असेपर्यंत या योजनेचा भत्ता, दोन्ही मिळून १०४ आठवडे. शाळेतलं गणित-वाचन पुन्हा शिकावं लागलं, तर आणखी २६. आरोग्यविम्याच्या हप्त्यात ६५ टक्के करसवलत.

पन्नाशी उलटलेल्यांना दुसरी वाट होती. कमी पगाराची नोकरी लवकर धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा वाटा सरकार देणार, दोन वर्षांत जास्तीत जास्त १० हजार डॉलर. आम्हाला विचाराल तर या सगळ्यातलं सर्वांत शहाणं कलम हेच. पन्नाशीच्या माणसाला पहिल्या बाकावर बसवण्याचा अट्टहास त्यात नाही.

[दृश्य: वर्गातले चेहरे. निवेदन थोडं थांबतं]

यातल्या अनेकांना पुढे मेटॅगपेक्षा कमी पगाराची कामं मिळाली.

तरीही मदतीचा उपयोग होत नाही, असं म्हणता येत नाही. अर्ज मंजूर झालेले आणि नामंजूर झालेले कामगार एका अमेरिकी अर्थतज्ज्ञानं शेजारी ठेवून पाहिले. मदत घेऊन शिकलेल्यांनी दहा वर्षांत सुमारे ५० हजार डॉलर जास्त कमावले होते.

[दृश्य: वॉशिंग्टन, कॅपिटॉलची इमारत]

१ जुलै २०२२ ला योजनेची मुदत संपली आणि काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, ती वाढवली नाही. ज्यांना आधीच मंजुरी होती, त्यांचे लाभ चालू राहिले. त्या दिवसापासून मात्र खात्याला नव्या अर्जाची चौकशीही करता येत नाही आणि नवी मंजुरीही देता येत नाही. कारखाना मेक्सिकोला गेला काय किंवा व्हिएतनामला, कामगाराला राज्याचा नेहमीचा बेकारी भत्ता मिळतो, बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे.