पडीक प्लॉटवरची पहिली दोन वर्षं

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तो कूलर जरा बंद कराल का? माझा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाणार नाही. बाहेर ४४ डिग्री आहे हे मला ठाऊक आहे, पण अर्धा तास सोसा. हेच ऊन आज आपल्या कामाचं आहे, ते कसं ते पुढे सांगते.

सुरुवात करायच्या आधी ही स्टीलची ताटली फिरवते. हिच्यात लव्हाळ्याच्या, म्हणजे वावरातल्या त्या चिवट तणाच्या, गाठी आहेत, मोजून अकरा. हातात घ्या, नखानं खरवडा, वास घ्या. थोडा कापरासारखा, थोडा ओल्या मातीसारखा वास येईल. दिवाळीच्या उटण्यात आपण नागरमोथा विकत आणून घालतो ना, तो याच घराण्यातला. बाजारात पैसे मोजायचे आणि वावरात कपाळ बडवायचं! ताटली परत येईल तेव्हा अकरा गाठी असल्या पाहिजेत. एखादी कुणाच्या पिशवीत पडून घरच्या कुंडीत गेली, तर मला दोष देऊ नका.

आमचा प्लॉट बेसा बाजूला आहे. चाळीस बाय साठ, म्हणजे २,४०० चौरस फूट. नागपुरात आपल्या पिढीतल्या पुष्कळांनी असे प्लॉट घेऊन ठेवले, मुलं बांधतील म्हणून. मुलं पुण्याला गेली, प्लॉट इथंच राहिला. मी शाळेतून निवृत्त झाले आणि ह्यांना म्हटलं, बांधायचं नाही तर निदान भाजी लावू. तिथं गेलो तर कुंपणाचा खांबच दिसेना. छातीएवढं गाजरगवत, सखल कोपऱ्यात बेशरमाची झुडपं, मनगटाएवढी चार सुबाभळं, शेजारच्या बांधकामाचा मलबा, फुटक्या फरशा, बाटल्या आणि कुणीतरी भक्तिभावानं आणून टाकलेलं निर्माल्य. मोकळा प्लॉट दिसला की आपल्या लोकांची श्रद्धा उतू जाते.

तेव्हा मी जे केलं ते तुम्ही करू नका. ट्रॅक्टर बोलावला. रोटाव्हेटरनं दोन तासांत सगळी जमीन भुसभुशीत झाली, चहापत्तीसारखी. मी फोटो काढून मुलांना पाठवले. पंधरा दिवसांनी मृगाचा पाऊस पडला आणि आठवड्याभरात अख्खा प्लॉट हिरवा. हिरवळ एकसारखी, जणू कुणी ओळीनं पेरलंय. हिंगण्याकडच्या एक मावशी निंदणाला यायच्या. त्यांनी बांधावरूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, “बाई, तुमी त पैसे देऊन लव्हाळा पेरला!”

त्या मावशींनी खुरप्यानं एक रोप मुळासकट उकरून माझ्या हातावर ठेवलं. वर तीन पानं. खाली पांढरा दोरा, दोऱ्याला गाठ, तिच्यापासून पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. माळच. वरचं पान उपटलं की दोरा तुटतो आणि खालच्या गाठीला वाटतं, आता आपली पाळी. रोटाव्हेटरनं मी त्या माळेचे तुकडे करून साऱ्या प्लॉटवर वाटले होते. हरळीचंही तेच. तिच्या प्रत्येक पेरातून नवी हरळी उठते, म्हणून एका वेलाचे वीस तुकडे केले की वीस हरळ्या.

गवत ‘काढायचं’ म्हणण्याआधी ते जगतं कशावर ते बघा. काही बियांवर जगतं, काही गाठीवर किंवा मुळावर. दोघांची औषधं वेगळी, आणि चुकीचं औषध दिलं तर रोगी गुटगुटीत होतो.

गाजरगवत बियांवर जगतं. १९५५च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि आज देशात त्याला कुठं जागा मिळाली नाही ते विचारा. एक झाड हजारोंनी बी टाकतं. पण त्याच्या मुळात दम नाही. पाऊस पडून गेल्यावर ओल असताना धरलं की सोटमूळ सरळ हातात येतं. फक्त पांढरं फूल यायच्या आत. फूल आल्यावर उपटून ढीग केलात, तर ढिगातही बी पिकतं. हातमोजे घाला, बाह्या पूर्ण ठेवा, नाकाला रुमाल बांधा. याच्यानं अंगावर खाज आणि चट्टे उठतात, दम्याच्या माणसानं तर हात लावूच नये. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढुरका, काळ्या रेघांचा छोटा भुंगेरा दिसला तर मारू नका. तो १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला मुद्दाम आणलेला आहे, गाजरगवत खाण्यासाठीच. जबलपूरला तण संशोधन निदेशालय आहे. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागृती सप्ताह पाळतात. आपल्याकडे पोळा त्याच्या आगेमागे येतो. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, तेव्हा मी गच्चीतून दरवर्षी ओरडते, “गाजरगवत घेऊन जा गे मारबत!” अजून तिनं नेलेलं नाही.

आता ऊन. बियांवर जगणाऱ्या गवतासाठी नागपूरच्या मे महिन्यासारखा मजूर नाही, आणि तो रोजी मागत नाही. जमीन वरवर साफ करा, ढेकळं फोडून सपाट करा, चांगलं पाणी द्या. मग पातळ, पारदर्शक प्लास्टिक तिच्यावर अंगाला अंग लावून पसरा आणि चारी कडा मातीत दाबा. चार ते सहा आठवडे हात लावू नका. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. ऊन आत गेलं पाहिजे आणि वाफ आत कोंडली पाहिजे. इस्रायलमध्ये कातान या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ही रीत मांडली. तिथल्या उन्हात चालते, तर नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे का चालणार नाही? वरच्या थरातलं पुष्कळ बी आणि रोगाचे जंतू भाजून निघतात. नंतर ती जमीन खोल उकरायची नाही. उकरलीत तर खालचं न भाजलेलं बी वर आणाल.

आणि लव्हाळा? तो प्लास्टिकखाली मजेत उगवतो. कधी टोकानं प्लास्टिक भोसकून बाहेरही येतो. मावशी म्हणायच्या, “गवताले मारा लागत नाही बाई, थकवा लागते.” कोंब वर आला की गाठीतला साठा खर्च होतो, आणि तीन-चार आठवड्यांत पानं कमवायला लागली की खाली नवी गाठ धरते. म्हणून दर पंधरा दिवसांनी खुरपं घेऊन बसायचं, दोऱ्यासकट, जमेल तर गाठीसकट काढायचं. एकही पाळी चुकवायची नाही. मी पहिल्या वर्षी गणपतीत दोन पाळ्या चुकवल्या आणि तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. काढलेली हरळी आणि गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका. गच्चीवर फरशीवर पसरा. मेच्या उन्हात हरळी पापडासारखी मोडायला लागली की मगच खतात.

विषारी फवारणीबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगते. २०१७ साली यवतमाळात कीटकनाशकाच्या फवारणीत शेतमजुरांचे जीव गेले. ते कीटकनाशक होतं, तणनाशक नव्हे, हे मान्य. पण डबा हातात घेतला की मला तेच आठवतं. चार वाफ्यांच्या भाजीसाठी मी तो डबा घरात आणत नाही.

जनावरांचं थोडक्यात. उंच गवतात आणि मलब्यात नाग, घोणस, मण्यार, विंचू असतातच. गमबूट घाला, आधी काठी आपटा, एका बाजूनं कापत जा आणि समोरची बाजू त्यांना निघून जायला मोकळी ठेवा. वीट हातानं उचलायची नाही, सब्बलीनं उलटवायची. जवळच्या सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये ठेवा.

आता लावायचं कसं. दुसऱ्या वर्षी मी साठ फुटांचा हट्ट सोडला. दहा बाय दहाचा एक कोपरा घेतला, तेवढाच. बाकीच्यावर फक्त विळा चालवायचा, फुलावर येऊ द्यायचं नाही. त्यातल्या अर्ध्यावर बोरू, म्हणजे ताग, पेरला. दाट पेरला की तो खालच्या गवताला ऊन मिळू देत नाही, आणि दीड महिन्यात फुलावर येताना मातीत गाडला की खत. दहा बाय दहात गादीवाफे केले, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. काळ्या मातीत गादी हवीच, नाहीतर जुलैत मुळं पाण्यात बसतात.

काळ्या मातीचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती उन्हात भेगाळते आणि पाण्यात फुगते. ओली असताना कुदळ मारली तर वाळल्यावर विटा होतात, सुकल्यावर मारली तर मनगट जातं. मधले चार दिवस तिचे असतात, वाफसा. मूठभर माती दाबून लाडू वळा. अंगठ्यानं दाबल्यावर फुटला तर कामाला लागा. बोटाला चिकटून राहिला तर घरी जाऊन चहा करा.

वाफ्यांच्या पहिल्या पावसाळ्यात चवळी, गवार, भेंडी. चवळी जमीन झाकते, मला तीच आवडते. थंडीत मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. टमाटर तिसऱ्या वर्षी जमले, तेही बरे म्हणावे असे.

एक कोपरा मात्र मी साफ करत नाही. तिथं हरळी आहे, म्हणजे दूर्वा. आघाडा आहे, केना आहे. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या सुना माझ्याकडे येतात, “काकू, आघाडा आहे का?” मृग लागला की तिथं तरोटा उगवतो. कोवळी पानं खुडून लसणाच्या फोडणीत परतली, की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. घोळ आणि चिवळ तर वाफ्यातल्या निंदणातच मिळतात. मावशी निंदणाची मजुरी घ्यायच्या आणि निंदलेली भाजी पदरात घालून न्यायच्या. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

खुरपं कुठून घ्यावं, असं कुणीतरी विचारतंय. लोहाराकडून घ्या. पातळ पत्र्याचं नको, ते काळ्या मातीत वाकतं. मूठ तुमच्या मुठीत बसते का ते हातात धरून बघा. आणि बसायला एक छोटा पाट ठेवा, साठीनंतर गुडघे बोलायला लागतात.

ताटली आली का परत? द्या इकडे. दोन, चार, सहा, आठ, दहा.

मंडळी, दहाच आहेत. जरा पायाखाली बघा.